कोकणातल्या डेटा सेंटरला वारुळाची चिमणी चालेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रत्नागिरीजवळ, समुद्रापासून दीडेक किलोमीटर आत, सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर, घरची जमीन आहे. तिथे २०० किलोवॅट भाराचं छोटं डेटा सेंटर बांधायचं आहे. आर्किटेक्टनी वारुळावरून सुचलेला आराखडा दिलाय: जांभ्याच्या जाड भिंती, मधोमध १५ मीटर उंच चिमणी, खालून बाहेरची हवा आत येणार, सर्व्हरमधून तापून चिमणीवाटे वर जाणार. एसी जवळजवळ नाहीच. झिंबाब्वेतल्या हरारेत अशी इमारत चालते, मग कोकणात का चालू नये, आणि निसर्गाकडून शिकायचं म्हणजे नेमकं काय शिकायचं, असं तुम्ही विचारलंय.

सर्व्हरच्या खोलीला ही चिमणी चालणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. निसर्गाकडे पाठ फिरवा असं मात्र मी म्हणत नाही. किनारपट्टीवर बँका, इस्पितळं आणि कारखान्यांच्या सर्व्हर रूमची कामं मी बरीच वर्षं करतोय. आमच्याकडे यंत्रं उकाड्याने मरतात त्यापेक्षा ओलाव्याने आणि मिठाने जास्त मरतात. त्यामुळे निसर्गाला विचारायचा प्रश्न ‘गार कसं राहायचं’ हा नाही, ‘खाऱ्या, दमट हवेत कोरडं कसं राहायचं’ हा आहे. प्रश्न बदलला की गुरूही बदलतो. आफ्रिकेतलं वारूळ बाजूला पडतं आणि खाडीतली कांदळवनं, जुनी कौलारू घरं पुढे येतात.

हरारेचं आधी नीट बघू. ईस्टगेट सेंटर १९९६ साली उभं राहिलं, मिक पिअर्स आर्किटेक्ट, अभियांत्रिकी अरुप या कंपनीची. ही दुकानं आणि कचेऱ्यांची इमारत आहे, म्हणजे आत माणसांची आणि दिव्यांची उष्णता, सर्व्हरच्या मानाने नगण्य. शहर समुद्रसपाटीपासून जवळपास १,५०० मीटरवर, हवा बऱ्यापैकी कोरडी, रात्री गार. रात्रीची गार हवा इमारतीच्या काँक्रीटमधून फिरवायची, काँक्रीट गार करून ठेवायचं आणि दिवसभर तो गारवा वापरायचा, असा तो हिशेब. त्यात पंखेही आहेत, निव्वळ चिमणीवर ते चालत नाही.

वारुळाबद्दलची समजूतही मधल्या काळात बदलली आहे. स्कॉट टर्नर यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवलं की वारूळ हे एसीपेक्षा फुप्फुसाचं काम जास्त करतं. आतलं तापमान सांभाळण्याचा मोठा वाटा आजूबाजूच्या मातीचा असतो. २०१५ साली दक्षिण भारतातल्या वारुळांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की वारुळातली हवा दिवस-रात्रीच्या तापमानातल्या फरकावर खेळते. आता श्रावणातला रत्नागिरीचा दिवस आणि रात्र आठवा. फरक चार-पाच अंशांचा. इंजिन तेच, पण त्यात घालायला इंधनच नाही. शिवाय वाळवी वारुळात बुरशीची शेती करते, तिला आत दमटपणा हवाच असतो. तुम्हाला नेमकं उलटं हवंय.

आता थोडी आकडेमोड, कारण चित्रापेक्षा ती लवकर पटते. २०० किलोवॅट उष्णता हवेने उचलायची आणि हवा सर्व्हरमधून जाताना १२ अंशांनी तापू द्यायची, तर सेकंदाला साधारण १४ घनमीटर हवा लागते. १५ मीटरच्या चिमणीत एवढ्या तापमानफरकाने जी ओढ तयार होते ती ७ पास्कलच्या (पास्कल हे दाबाचं एकक) आसपास. मीठ आणि बारीक धूळ अडवणारा बरा फिल्टर एकटाच १०० पास्कलच्या घरात अडथळा करतो. म्हणजे फिल्टर लावला तर चिमणी ओढत नाही, आणि फिल्टर काढला तर मीठ थेट मदरबोर्डवर.

पंखे लावून हवा ओढली असं धरू. जुलैत बाहेरच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो अंश, २४ च्या आसपास असतो. सर्व्हरसाठी अ‍ॅशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस आहे की आत येणारी हवा १८ ते २७ अंश असावी आणि दवबिंदू १५ च्या वर जाऊ नये. बाहेरची १४ घनमीटर हवा त्या पातळीपर्यंत कोरडी करायची तर तासाला साडेचारशे लिटरहून जास्त पाणी त्यातून काढावं लागेल आणि त्यासाठीच ३०० किलोवॅटहून अधिक थंडावा खर्च होईल. सर्व्हरची उष्णता २०० ची, आणि हवा वाळवायला ३०० चा खर्च! पावसाळ्यात कोकणात बाहेरची हवा फुकट नसते, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. जुन्या-नव्या सर्व्हरची सहनशक्ती वेगवेगळी असते, काही यंत्रं २४ चा दवबिंदूही चालवून घेतात, हे मान्य. पण ती सूट हवेत मीठ आणि गंधकाचे वायू नसतील तेव्हाची आहे.

जमिनीखाली पाइप पुरून हवा गार करण्याचं कोणीतरी सुचवेलच, म्हणून ते इथेच संपवतो. काही मीटर खाली जमिनीचं तापमान वर्षाच्या सरासरी हवेइतकं, म्हणजे आपल्याकडे २७ अंशांच्या आसपास. मे महिन्यात थोडा फरक पडेल, पण आषाढात त्याच पाइपांत पाणी साचून बुरशी धरेल.

मग खाडीकडे चला. कांदळवनात मिठाशी जमवून घेण्याच्या दोन तऱ्हा दिसतात. कांदळ बहुतांश मीठ मुळाशीच अडवतो, आत येऊच देत नाही. तिवर थोडं आत येऊ देतो आणि पानांतल्या ग्रंथींवाटे बाहेर टाकतो. उन्हाळ्यात तिवराच्या पानावरून बोट फिरवून चाटून बघा, खारट लागतं. सर्व्हरच्या खोलीला कांदळाची तऱ्हा हवी. खोली घट्ट बंद, आतलीच हवा आत फिरते, आणि बाहेरून फक्त तेवढीच ताजी हवा घ्यायची जितकीने आतला दाब किंचित जास्त राहील, म्हणजे फटींतून बाहेरची हवा शिरणार नाही. १०० चौरस मीटरची, चार मीटर उंचीची खोली धरली आणि तासाला एकदा हवा बदलेल एवढीच ताजी हवा घेतली, तर पावसाळ्यात काढायचं पाणी तासाला साधारण चार लिटर. साडेचारशेच्या जागी चार. ही एवढीशी हवा तुम्ही हव्या तितक्या चांगल्या फिल्टरमधून आणि हवा वाळवणाऱ्या छोट्या यंत्रातून, म्हणजे डिह्युमिडिफायरमधून, घेऊ शकता, परवडतं.

तिवराची तऱ्हा बाहेरच्या यंत्रांना लावायची. चिलरच्या (पाणी गार करणाऱ्या यंत्राच्या) किंवा एसीच्या बाहेरच्या युनिटवर मीठ बसणारच, ते नियमाने धुऊन टाकायचं. यात एक गंमत आहे जी नवख्यांना पटत नाही. बाहेरचं युनिट पावसापासून वाचावं म्हणून लोक त्याला खोल वळचणीखाली ठेवतात, आणि ते उघड्यावरच्या युनिटच्या आधी सडतं. उघड्यावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो. वळचणीखालचं तिथेच बसून राहतं, रोज रात्री ओलं होतं. किनाऱ्यावरच्या एका इमारतीत मी असं युनिट उघडलं होतं. तांब्याची नळी धड होती, पण तिच्याभोवतीचे अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, म्हणजे फिन्स, नखाने दाबले की पांढरी भुकटी होऊन गळत होते. दोन वेगळे धातू, मधे खारं पाणी, म्हणजे घरचीच बॅटरी. तेव्हा कोटिंग केलेली कॉइल घ्या, युनिट पूर्वेच्या अंगाला पण उघड्यावर ठेवा, आणि ऑक्टोबर ते मे दर पंधरवड्याला गोड्या पाण्याने धुवायचं हे देखभालीच्या करारातच लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं कोणी करत नाही.

मीठ इतकं का छळतं? शुद्ध मिठाला साधारण ७५ टक्के आर्द्रतेला पाणी सुटतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, त्याला ३३ टक्क्यांच्या आसपासच सुटतं. म्हणजे तुम्हाला कोरडी वाटणारी खोलीही बोर्डावर बसलेल्या खाऱ्या धुळीसाठी ओलीच असते. म्हणून आर्द्रता कमी ठेवण्याच्या आधी धूळ आत न येऊ देणं महत्त्वाचं.

इमारतीच्या आकाराचं म्हणाल तर तिथे जुनं कोकणी घर पुरेसं आहे. उंच जोतं, उतरतं छप्पर, चारी बाजूंनी पडवी, मग ओटी, आणि सगळ्यात आत माजघर. पाऊस आणि झड पडवीनेच अडवायची, आतपर्यंत पोचूच द्यायची नाही. भाताची कणगी कोणी पडवीत ठेवत नाही, तसं सर्व्हरही घराच्या पोटात. पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून पाऊस आणि खारे वारे येतात, त्या बाजूला कोठारं, जिना, कर्मचाऱ्यांची खोली, मार्गिका घ्या. ताज्या हवेचं तोंड पूर्वेला.

जांभ्याबद्दल आर्किटेक्टचा आग्रह बरोबर आहे, जाडीचा हिशेब चुकतोय. चिरा, म्हणजे जांभ्याचा घडवलेला दगड, सच्छिद्र असतो, पाणी पितो. तो बाहेरचा थर म्हणून उत्तम: ऊन झेलतो, स्थानिक आहे, गवंडी जवळ आहेत. पण चिऱ्याची भिंत हीच सर्व्हर रूमची भिंत असता कामा नये. बाहेर चिरा, मधे हवेची पोकळी, आणि आत दुसरी भिंत. बाष्प अडवणारा थर त्या आतल्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, इन्सुलेशनच्याही बाहेर. थंड देशांतल्या पुस्तकांत तो आतून दाखवतात, तसा इथे लावलात तर इन्सुलेशनच्या पोटात दव धरेल.

मात्र इमारतीकडून फार मोठ्या वीजबचतीची अपेक्षा ठेवू नका. १५० चौरस मीटर छपरातून, बरं इन्सुलेशन असेल तर, भर दुपारी ४-५ किलोवॅट उष्णता आत येते. सर्व्हर २०० किलोवॅट ओततायत. आकार कितीही निसर्गप्रेरित केलात तरी तो या दोन-अडीच टक्क्यांशीच खेळतो. इमारतीचं काम कोरडं ठेवणं. गारव्याचा खर्च कमी होतो तो आतल्या मांडणीने.

मांडणीत पहिली गोष्ट सगळ्यात स्वस्त आहे. सर्व्हरच्या पाठची गरम हवा आणि पुढची गार हवा एकमेकींत मिसळू देऊ नका. सर्व्हरच्या पाठच्या गरम गल्लीला दार आणि छत घाला, रॅकमधल्या (सर्व्हर ठेवायच्या कपाटांमधल्या) रिकाम्या जागा पट्ट्यांनी बंद करा. दुसरी: खोली १८ अंशांवर ठेवायची जुनी सवय सोडा, २५-२६ ला सर्व्हर खुशाल चालतात. तिसरी, आणि कोकणात सर्वांत कामाची: गार करणं आणि वाळवणं ही दोन कामं वेगळ्या यंत्रांना द्या. ओलावा त्या छोट्या ताज्या हवेच्या यंत्रातच काढून टाकला आणि खोलीचा दवबिंदू १५ च्या खाली ठेवला, की मुख्य चिलरला ७ अंशांचं पाणी बनवायची गरज उरत नाही, १८-२० चं चालतं. पाण्याचं तापमान एका अंशाने वाढवलं की चिलरची वीज ढोबळमानाने दोन-तीन टक्के वाचते. दहा-बारा अंशांचा फरक किती होतो ते तुम्हीच मांडा.

एकूण वीज भागिले सर्व्हरची वीज, याला पीयूई म्हणतात. जगाची सरासरी गेली काही वर्षं १.५ ते १.६ च्या मधेच अडकली आहे. तुमच्या आकाराला आणि हवेला १.३ जमलं तर मी खूश असेन. १.१ चं आश्वासन देणाऱ्याला जुलैचा आकडा मागा.

इथे एक मोठं ‘पण’ आहे: हे सगळं तुमच्या रॅकमधे काय बसणार यावर अवलंबून आहे. साधे सर्व्हर असतील, रॅकमागे पाच-सात किलोवॅट, तर वरचं पुरतं. एआयसाठीचे जीपीयू बसवणार असाल तर चिपवरच पाणी फिरवणारी पद्धत लागेल, आणि तिथे कोकण एकदम फायद्यात येतं. त्या पद्धतीत ४० अंशांचं पाणीही चालतं. समुद्रामुळे आपल्याकडे तापमान सहसा ३५ च्या आसपास थांबतं, विदर्भासारखं ४५ ला जात नाही. त्यामुळे नुसत्या पंख्याच्या ड्राय कूलरवर वर्षातला बहुतेक काळ निभावतं, त्या भागापुरता कॉम्प्रेसर बंद. उरलेल्या हवेने गार होणाऱ्या भागाला चिलर लागेलच.

पाणी उडवून गारवा, म्हणजे कूलिंग टॉवर, मी तुम्हाला सुचवणार नाही. एक युनिट (किलोवॅट-तास) उष्णता घालवायला दीड लिटर पाणी उडतं. २०० किलोवॅटला दिवसाला सात हजार लिटर, वर टाकीतून सोडून द्यावं लागणारं वेगळं. रत्नागिरीत ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो हे खरं, पण सड्यावर तो थांबत नाही, आणि वैशाखात वाड्यांवर टँकर येत असताना डेटा सेंटरने पाण्याची वाफ करणं गावाला पटणार नाही, पटूही नये. छपराचं पाणी साठवा, ते कॉइल धुवायला आणि संडासाला पुरेल.

समुद्रात बुडवलेल्या डेटा सेंटरचाही तुम्ही उल्लेख केलाय. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली स्कॉटलंडच्या ऑर्कनीजवळ टाकी बुडवली, २०२० साली वर काढली, आणि तिच्यातल्या सर्व्हरचं बिघडण्याचं प्रमाण जमिनीवरच्यांच्या एक-अष्टमांश निघालं. पण तिथला समुद्र थंडगार, आपला २७ ते ३० अंशांचा, आणि किनाऱ्यालगत लांबवर उथळ. त्या प्रयोगातून आपल्या कामाचं काही असेल तर ते वेगळंच: टाकीत कोरडा नायट्रोजन होता आणि माणसांची ये-जा नव्हती. म्हणजे पुन्हा कोरडेपणाच.

आता जागेबद्दल. सड्यावर पुराची भीती नाही, ही मोठी गोष्ट. २२ जुलै २०२१ ला चिपळूणचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. पण सड्याचे स्वतःचे त्रास आहेत. कातळाला अर्थिंग मिळत नाही. जांभ्याचा विद्युत रोध भरपूर असतो, दोन खड्डे आणि कोळसा-मीठ घालून भागणार नाही. खोल बोअरचं अर्थिंग आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक यांचे पैसे पहिल्या दिवसापासून धरा. जेसीबी लावण्याआधी कातळ झाडून बघा. रत्नागिरीच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, २०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, आणि कित्येक अजून मातीखाली आहेत. दीड किलोमीटर आत असल्याने समुद्राकडून सीआरझेडचा, म्हणजे किनारी बांधकामाच्या नियमांचा, अडसर बहुधा येणार नाही, पण जवळ भरतीची खाडी असेल तर तिथूनही अंतर मोजतात, तेवढं तपासा. निसर्ग वादळानंतर, जून २०२० मधे, रायगड आणि दापोली-मंडणगडकडे कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. डिझेल किती दिवसांचं ठेवायचं ते त्यावरून ठरवा. सोलर जरूर लावा, पण जुलैत त्याच्या भरवशावर राहू नका.

खाडी जवळ असेल तर आणखी एक. ओहोटीला चिखलातून कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. तो तांब्याला आणि चांदीला खातो. २००६ साली युरोपात शिशावर निर्बंध आल्यानंतर काही बोर्डांवर चांदीचा मुलामा येऊ लागला, त्यामुळे हा त्रास वाढला. यावर तपासणी सोपी आहे: तांब्याची आणि चांदीची घासून लखलखीत केलेली पट्टी जागेवर महिनाभर टांगायची आणि प्रयोगशाळेत पाठवायची. महिन्याला तांब्यावर ३०० आणि चांदीवर २०० अँगस्ट्रॉमपेक्षा (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) कमी थर चढला तर हवा सौम्य. चांदीची पट्टी परत आली ती काळीजांभळी असेल तर ताज्या हवेच्या वाटेवर वायू शोषणारा फिल्टरही हवा. अंदाजाने लावू नका, तो महाग असतो आणि सारखा बदलावा लागतो.

निसर्गात एकाचं टाकाऊ ते दुसऱ्याचं अन्न असतं, ते मात्र इथे जसंच्या तसं करता येईल. तुमच्याकडे बारा महिने चाळिशीतली ऊब निघणार आहे. कोकमाचा हंगाम पावसाच्या तोंडावर संपतो आणि आमसुलं वाळेपर्यंत पाऊस येऊन बसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. ती वाळवायला ही ऊब वापरा. सर्व्हरची हवा थेट खाण्याच्या वस्तूवर सोडू नका, मधे हीट एक्स्चेंजर घाला, म्हणजे हवा न मिसळता फक्त ऊब पलीकडे जाईल. पैसे सुटतील असं मी म्हणत नाही. गावाशी नातं राहील.

आणि चिमणी? तिला माझा विरोध जागेपुरताच आहे. कौलं आणि स्लॅबच्या मधल्या पोकळीत ती घाला: पागोळीपाशी हवा आत, आढ्यापाशी बाहेर. उन्हाने तापलेली हवा स्वतःच निघून जाईल, फिल्टर नाही, पंखा नाही. कर्मचाऱ्यांची खोली आणि जिना यांनाही ती मानवेल. तिथे १५ मीटर उंचीची गरज नाही, वादळवाऱ्याला ते तोंड कशाला द्यायचं.

आराखडा पक्का करण्याआधी दोन डेटा लॉगर घ्या, तापमान आणि आर्द्रता नोंदवणारे, एक सड्यावर आणि एक सावलीत, आणि येता पावसाळा पूर्ण नोंदवा. तांब्या-चांदीच्या पट्ट्या एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑक्टोबरात टांगा. ते आकडे, रॅकमागे किती किलोवॅट आणि तुमचा वीजपुरवठ्याचा फीडर महिन्याला किती तास बंद पडतो, एवढं पुढच्या वेळी लिहा. मग चिलर किती टनांचा घ्यायचा ते सांगता येईल.